बिनकडीचं दार

कादंबरीत ते एकशे बाराव्या पानावर येतं.
घाटापलीकडच्या, नकाशात नसलेल्या गावात
माणूस थकून पोचतो, दाराला हात लावतो
आणि कडी शोधत राहतो.
चाफळकरबाईंनी पुढं एवढंच लिहिलंय :
कडी नव्हती. त्याला रडू आलं.
मी सुतार. मला पहिलं वाक्य पुरलं.

पहिलं दार एकांकिकेसाठी,
भरत नाट्यच्या मागं, पॅकिंगच्या फळ्यांचं.
कॉलेजची पोरं, बजेट चौदाशे,
त्यातले सहाशे दाढ्यामिशांत गेलेले.
स्पर्धेच्या दिवशी विंगेतला पंखा कुणीतरी लावला
आणि दार आपलं आपणच उघडलं.
नायक अजून डोंगरात हरवलेला
आणि मागं अख्खं सुखी गाव, चहा पिताना.
शेवटच्या रांगेतून आवाज आला :
'पोचलास रे बाबा!'
पुढच्या फेरीला मी आतून एक खिळा ठोकला.
कुणाला बोललो नाही.

मग नाटक, धंद्याचं.
उकिडवेसरांनी त्या गावात एक खलनायक घातला.
म्हणाले, 'हणमंत, नुसत्या सुखाला मध्यंतर कुठं पाडणार?'
दाराला चाकं लागली, प्लायवर सागवानी रंग.
खिळा होताच.
रात्री गाव उतरवायचं, सुंभानं बांधायचं,
टेम्पोत टाकायचं.
कात्रजच्या बोगद्यात मी त्या दाराला टेकून झोपलोय
किती वेळा.

बाई एकदाच आल्या, टिळक स्मारकला.
पडदा पडल्यावर विंगेत येऊन उभ्या राहिल्या,
दारावरून हात फिरवला
आणि बोट बरोब्बर खिळ्यापाशी थांबलं.
बोलल्या नाहीत.
पर्स उघडून आवळासुपारी काढली,
माझ्या तळव्यावर चिमूटभर ठेवली.
इतकी वर्षं झाली,
ती शाबासकी होती की दुसरं काही, ठरत नाही.

सिनेमावाल्यांनी मुळशीच्या पुढं खरं गाव बांधलं :
सत्तावीस घरं, सत्तावीस दारं,
एकालाही कडी नाही.
आणि संध्याकाळी सहाला कुंपणाला कुलूप.
वॉचमन वहीत नाव लिहून घ्यायचा, आडनावासकट.
म्हटलं, 'अरे, ह्या गावात आडनाव विचारत नाहीत.'
तो म्हणाला, 'आतल्या लोकांचं मला माहीत नाही.
मी फाटकावर असतो.'

शूटिंग उठलं तेव्हा शेजारच्या वाडीतून लोक आले.
दारं नेली, बकऱ्यांच्या गोठ्याला, न्हाणीला,
एकानं पोराच्या नव्या खोलीला.
प्रत्येकानं पहिल्यांदा कडी बसवली.
चार तर मीच बसवून दिल्या,
खिशात स्क्रू होते म्हणून.

थिएटरात सगळे उठून गेले तरी आम्ही बसून राहिलो.
अक्षरं वर सरकत होती, मुंग्यांएवढी.
सुतारकाम : पांचाळ.
नुसतं आडनाव.
बायको म्हणाली, 'आलं की हो!'
मी हसलो. तिला कुठं सांगत बसू.

आता मालिका, मोबाइलवर बघायची.
एरंडवण्यात तळघरातला स्टुडिओ, भिंतभर हिरवं कापड,
डोंगर नंतर येणार, गाव नंतर येणार,
दारही नंतर.
मला बोलावलं ते फक्त करकर द्यायला.
माळ्यावरचं पहिलं दार रिक्षात आडवं घालून नेलं,
बिजागरी अजून नाकात बोलते.
कानाला हेडफोन लावलेली मुलगी खूश झाली,
मग म्हणाली, 'काका, कडीचाही आवाज द्या ना,
नाहीतर दार उघडल्यासारखं वाटत नाही.'
मी तिला सांगणार होतो.
घड्याळात पावणेसात, स्टुडिओचं भाडं तासावर.
शेवटी डब्याच्या झाकणावर स्कूटरची किल्ली आपटली.
'एकदम मस्त,' ती म्हणाली.

चौथ्या भागात आहे ते.
हात लावतो, खट्ट, दार उघडतं.
मग तो रडतो, आणि कळत नाही कशासाठी.
काल रात्री मी आवाज बंद करून पाहिलं.
गाव गेलं, खट्ट गेलं,
राहिला एक दमलेला पोरगा,
आणि त्याची बोटं
फळीवर खालीवर काहीतरी शोधताहेत.
त्यानं वाचलेली दिसते.